जुन्या सॉफ्टवेअरमध्ये चायनीज-जपानी अक्षरं नीट दिसण्यासाठी काय करायचं आणि कुठल्या क्रमाने

वागळे इस्टेट, रबाळे, महापे, तुर्भे, कुठल्याही एमआयडीसीत जा, एखाद्या शेडमध्ये चीन, तैवान नाहीतर जपानहून आलेलं मशीन असतंच आणि त्याच्याबरोबर पेन ड्राइव्हवर आलेलं जुनं सॉफ्टवेअर. ते टाकलं की बटनांवर प्रश्नचिन्हं, चौकोन किंवा कसलीतरी विचित्र अक्षरं. ऐरोली-महापेच्या ऑफिसांमध्ये जपानी कागदपत्रांचं काम करणाऱ्यांना आणि जुनी डिक्शनरी सीडी वापरणाऱ्या जपानीच्या विद्यार्थ्यांनाही हाच त्रास होतो. मग एक जण म्हणतो लँग्वेज पॅक टाक, दुसरा म्हणतो फॉन्ट टाक, तिसरा रीजन बदलायला सांगतो, आणि तिन्ही करूनही काही सुधारत नाही. उलट विंडोज चायनीजमध्ये जातं आणि परत यायचा रस्ता सापडत नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, कारण यात क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं.

मुद्दा एवढाच समजून घ्या. युनिकोड म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना एकाच यादीत नंबर देणारी पद्धत. ती न वापरणारा जुना प्रोग्रॅम अक्षरं नुसत्या बाइट्समध्ये ठेवतो, आणि त्या बाइट्सचं अक्षर काय करायचं हे एका तक्त्यावर ठरतं, त्याला कोड पेज म्हणतात. कुठलं कोड पेज वापरायचं हे विंडोजच्या सिस्टम लोकेल नावाच्या सेटिंगवर ठरतं. आपल्याकडे इंग्लिश इंडिया असेल तर ते १२५२ असतं. जपानी सॉफ्टवेअरला ९३२ लागतं, म्हणजे शिफ्ट-जिस. चीनच्या सिम्प्लिफाइड लिपीला ९३६, म्हणजे जीबीके. तैवान आणि हाँगकाँगच्या ट्रॅडिशनलला ९५०, म्हणजे बिग-फाइव्ह. एका चायनीज अक्षराचे दोन बाइट असतात, १२५२ त्या दोन बाइट्सची दोन वेगळी युरोपियन अक्षरं करतं, म्हणून स्क्रीनवर तो गोंधळ दिसतो.

सगळ्यात आधी: अक्षरं बिघडलेली दिसत असतील तोपर्यंत कुठलीही फाइल सेव्ह करू नका. नुसती उघडून बघितली तर काही होत नाही. पण खऱ्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह सेव्ह झालं की मूळ अक्षर कायमचं गेलं, नंतर कुठलंही सेटिंग ते परत आणत नाही.

## टप्पा १: काय दिसतंय ते नीट बघा

इथे दहा मिनिटं द्या, पुढचा अर्धा दिवस वाचतो. स्क्रीनशॉट काढा, झूम करा आणि खालच्यापैकी काय आहे ते ठरवा.

रिकामे चौकोन. बाइट्स बरोबर वाचले जातायत पण ते अक्षर फॉन्टमध्ये नाहीये. हे सगळ्यात सोपं प्रकरण, बहुतेक वेळा टप्पा ४ पुरतो.

प्रश्नचिन्हांची रांग. विंडोजने युनिकोड अक्षर कोड पेजमध्ये बसवायचा प्रयत्न केला आणि तिथे ते अक्षरच नव्हतं. फाइल ओपन करायच्या खिडकीत चायनीज नावाच्या फाइल्स अशा दिसतात. डिस्कवर नाव शाबूत असतं, प्रोग्रॅमला ते दिसत नाही एवढंच. लोकेल बदललं की हे सुधारतं.

विचित्र युरोपियन अक्षरं. यातून मूळ कोड पेज ओळखता येतं आणि ही युक्ती फार उपयोगी आहे:

- खाली टेकलेला स्वल्पविराम आणि लांब शेपटीचा एफ पुन्हा पुन्हा येत असेल तर मूळ जपानी शिफ्ट-जिस. हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन साध्या लिपी, त्यात हिरागानाचा पहिला बाइट त्या स्वल्पविरामासारखा दिसतो आणि काताकानाचा त्या एफसारखा.
- जवळजवळ सगळी अक्षरं डोक्यावर टोपी, टिंबं, तिरकी रेघ घेतलेली असतील आणि साधी ए-बी-सी फारशी दिसत नसतील तर सिम्प्लिफाइड चायनीज.
- चार कोपऱ्यांना पाय फुटलेला छोटा गोल सारखा दिसत असेल आणि मध्येमध्ये साधी इंग्रजी अक्षरंही घुसलेली असतील तर बिग-फाइव्ह.
- डोक्यावर नागमोडी रेघ असलेला छोटा ए दर तीन अक्षरांमागे येत असेल तर तो मजकूर यूटीएफ-८ (युनिकोड साठवायची एक पद्धत) मधला जपानी आहे. इथे जपानी लोकेल लावून काही होणार नाही, सरळ टप्पा ८ वर जा.

मशीन कुठून आलंय तेही बघा, पण फक्त त्याच्यावर जाऊ नका. तैवानच्या कंपनीचं मशीन चीनमधल्या कारखान्यात बनलेलं असतं आणि सॉफ्टवेअर सिम्प्लिफाइडमध्ये येतं, असं होऊ शकतं. दोन्हीत शंका असेल तर अक्षरांच्या आकारावर विश्वास ठेवा, डब्यावरच्या पत्त्यावर नको.

## टप्पा २: कुठल्या पीसीवर करायचं ते ठरवा

सिस्टम लोकेल हे सेटिंग अख्ख्या पीसीला लागतं, सगळ्या यूझरना आणि सगळ्या जुन्या प्रोग्रॅमना, एकट्या त्या चायनीज सॉफ्टवेअरला नाही. म्हणून बिलिंगच्या, अकाउंट्सच्या पीसीवर हे करायला जाऊ नका.

आपल्याकडे यात आणखी एक भानगड आहे जी बाहेरच्या गाइडमध्ये सहसा सापडत नाही. श्रीलिपी, आयएसएम वगैरेंचे जुने मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आहेत, ते १२५२ मधल्या त्याच युरोपियन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे ठेवतात. पेजमेकरसारख्या जुन्या प्रोग्रॅममधली अशी मराठी फाइल तुम्ही जपानी किंवा चायनीज लोकेल लावलेल्या पीसीवर उघडलीत तर दोन दोन बाइट एकत्र धरले जाऊन मराठी मजकूर तुटू शकतो. ज्या पीसीवर लग्नपत्रिका, लेबलं, जुनी मराठी कागदपत्रं होतात तो पीसी यासाठी अजिबात वापरू नका. युनिकोड मराठीला मात्र काही होत नाही.

एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर) नव्याने टाकायचा असेल तर तोही लोकेल बदलायच्या आधी टाकून घ्या, कारण इन्स्टॉल करताना तो डीफॉल्ट कोलेशन, म्हणजे अक्षरांचा क्रम आणि तुलना ठरवणारं सेटिंग, सिस्टम लोकेलवरून उचलतो. चायनीज लोकेलवर टाकलात तर कोलेशन चायनीज धरलं जातं आणि नंतर बदलणं खूप कटकटीचं आहे.

चेक: रीस्टोअर पॉइंट (विंडोजची सेटिंग्ज आधीच्या स्थितीला परत नेण्याची सोय) केला का? मशीनचं सॉफ्टवेअर, कॉन्फिग (सेटिंग्जचा) फोल्डर आणि जॉब फाइल्सची, म्हणजे मशीनला द्यायच्या कामांच्या फाइल्सची, कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर घेतली का? अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाताशी आहे का? मशीन चालू असताना हे करू नका, रीस्टार्ट लागतो.

## टप्पा ३: यूझरनेम आणि फोल्डरची नावं

हा टप्पा सगळे सोडून देतात. सिस्टम लोकेल म्हणून लावता येईल असं देवनागरीचं कोड पेज विंडोजमध्ये कधी नव्हतंच, मराठी युनिकोडमधूनच चालते. त्यामुळे विंडोजचा यूझर मराठीत बनवला असेल तर त्याच्या टेम्प फोल्डरचा रस्ताच जुन्या प्रोग्रॅमला प्रश्नचिन्हांचा दिसतो, आणि इन्स्टॉलर 'फाइल बनवता येत नाही' म्हणून बंद पडतो. लोक मग डाँगल (सॉफ्टवेअर चालायला लावावी लागणारी यूएसबी किल्ली) खराब आहे, सीडी खराब आहे असं म्हणत बसतात. डेस्कटॉपवरच्या 'नवीन डिझाईन' अशा मराठी नावाच्या फोल्डरचंही तेच, जॉब फाइल त्यात ठेवली तर सॉफ्टवेअर ती उघडतच नाही.

करायचं काय, तर साध्या इंग्रजी नावाचा नवीन अ‍ॅडमिन यूझर बनवा, नावात स्पेस नको. आहे त्या यूझरचं नुसतं नाव बदलून चालत नाही, आतला फोल्डर जुन्याच नावाचा राहतो. मग सी ड्राइव्हवर थेट एक छोट्या इंग्रजी नावाचा फोल्डर करा आणि सॉफ्टवेअर, जॉब फाइल्स सगळं त्याच्यातच ठेवा.

फोल्डरचं नाव चायनीज-जपानीतही ठेवू नका, नंतर लोकेल बरोबर असलं तरी. काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका बॅकस्लॅशच्या कोडचाच असतो, आणि निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्रॅम त्याला फोल्डरचा रस्ता समजतो. जपानी प्रोग्रॅमर लोकांना हा त्रास जुना आहे.

## टप्पा ४: फॉन्ट

विंडोज १० आणि ११ मध्ये जपानीचा एमएस गॉथिक, सिम्प्लिफाइडचे सिमसुन आणि मायक्रोसॉफ्ट याहेई हे आधीच असतात. पण जुनी सॉफ्टवेअर्स कधीकधी दुसरेच फॉन्ट मागतात, जपानीत एमएस मिंचो किंवा मेइर्यो, चायनीजमध्ये सिमहेई, तैवानच्यात मिंगलियू. हे सप्लिमेंटल फॉन्ट म्हणून वेगळे मिळतात. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, अ‍ॅड करा आणि 'जापनीज सप्लिमेंटल फॉन्ट्स' किंवा चायनीजचे तसेच नाव असलेले निवडा. इंटरनेट लागतं, मशीनचा पीसी ऑफलाइन असेल तर तेवढ्यापुरता जोडा.

कुठल्यातरी साइटवरून फुकट फॉन्ट उचलू नका. नाव तेच असतं, आत अर्धी अक्षरं नसतात, आणि मग काही बटनं वाचता येतात काही नाही असा चमत्कारिक प्रकार होतो.

आणि विंडोजची डिस्प्ले लँग्वेज बदलू नका. तिचा आणि जुन्या प्रोग्रॅमच्या कोड पेजचा संबंध नाही. डिस्प्ले लँग्वेज बदलली तर मेन्यू चायनीज होतात आणि त्या सॉफ्टवेअरमधला गोंधळ जसाच्या तसा राहतो.

## टप्पा ५: सिस्टम लोकेल

आता मुख्य काम. विंडोजचं बटन आणि आर दाबा, त्या चौकटीत इंग्रजीत आय-एन-टी-एल, मग डॉट, मग सी-पी-एल असं टाइप करून एंटर करा. रीजनची खिडकी उघडते.

1. पहिल्या टॅबवर फॉरमॅट असतो. त्याला हात लावू नका. तो फक्त तारीख आणि आकडे कसे दिसायचे ते ठरवतो. तिथे जापनीज केलं तर तारखा वर्षापासून लिहिल्या जातात, एक्सेलमधल्या लोकांचा गोंधळ होतो आणि अक्षरांमध्ये काडीचा फरक पडत नाही.
2. 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर जा. तिथे 'लँग्वेज फॉर नॉन-युनिकोड प्रोग्रॅम्स' असं लिहिलंय, त्याच्याखाली 'चेंज सिस्टम लोकेल' दाबा.
3. यादीतून टप्पा १ मध्ये ठरवलेलं निवडा: जापनीज जपान, चायनीज सिम्प्लिफाइड चायना, किंवा चायनीज ट्रॅडिशनल तैवान.
4. त्याच खिडकीत 'बीटा: यूज युनिकोड यूटीएफ-८' असा चौकोन असतो. तिथे टिक नको. असेल तर काढा.
5. ओके, आणि रीस्टार्ट.

चौथ्या मुद्द्याबद्दल थोडं जास्त सांगतो कारण हल्ली बरेच जण ती टिक हाच उपाय म्हणून सांगतात. ती टिक लावली की कोड पेज सगळ्यांसाठी ६५००१ होतं. तुमचं सॉफ्टवेअर शिफ्ट-जिस किंवा जीबीकेचे बाइट देतंय आणि विंडोज ते यूटीएफ-८ समजून वाचतंय, म्हणजे पुन्हा कचराच. वर यादीत जापनीज निवडलेलं दिसतं म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो की सगळं बरोबर असून का होत नाही.

रीस्टार्ट म्हणजे रीस्टार्टच. शटडाउन करून परत चालू करू नका, फास्ट स्टार्टअपमुळे विंडोज तेव्हा पूर्ण नव्याने सुरू होत नाही.

चेक: कमांड प्रॉम्प्ट उघडा, सी-एच-सी-पी टाइप करून एंटर करा. ९३२, ९३६ किंवा ९५०, जे हवं होतं ते आलं तर पुढे जा. ६५००१ आलं तर ती टिक राहिलीये. ४३७ (इंग्लिशमध्ये कमांड प्रॉम्प्ट १२५२ ऐवजी हा आकडा दाखवतो) आलं तर लोकेल बदललंच नाही, बहुतेक अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन नव्हतं.

जपानी लोकेलवर कमांड प्रॉम्प्टमध्ये बॅकस्लॅशच्या जागी येनचं चिन्ह दिसेल. घाबरू नका, कोड तोच आहे, फोल्डरचे रस्ते चालतात.

## टप्पा ६: झिप उघडणं आणि इन्स्टॉल, लोकेल नंतरच

बहुतेक लोक इथेच चुकतात. सॉफ्टवेअर आधी टाकतात, बिघडलेलं दिसलं की मग लोकेल बदलतात, आणि तरी अर्धं बिघडलेलंच राहतं. कारण इन्स्टॉल करतानाच फोल्डरची नावं, शॉर्टकट, कॉन्फिग फाइलमधले रस्ते जुन्या कोड पेजमध्ये लिहून झालेले असतात. प्रोग्रॅम मग चायनीज नावाची फाइल शोधतो आणि डिस्कवर ती भलत्याच नावाने असते.

म्हणून आधी टाकलेलं असेल तर अनइन्स्टॉल करा, उरलेला फोल्डरही हाताने डिलीट करा, आणि मूळ झिपपासून पुन्हा सुरू करा.

झिपचंही तसंच आहे. जुन्या झिपमध्ये फाइलची नावं कुठल्या कोड पेजमध्ये आहेत ते लिहिलेलंच नसतं, विंडोज आपल्या लोकेलप्रमाणे उघडतं. लोकेल बरोबर लावल्यावर झिप पुन्हा उघडा, नावं आपोआप बरोबर येतील. लोकेल बदलायचं नसेल आणि फक्त फाइल्स हव्या असतील तर बँडिझिपमध्ये कोड पेज निवडायची सोय आहे. सेव्हन-झिपच्या कमांड लाइनमध्ये हायफन एम-सी-पी, बरोबरचं चिन्ह आणि ९३६ असं इंग्रजी आकड्यात दिलं की होतं.

## टप्पा ७: तपासणी

प्रोग्रॅम उघडा आणि फक्त मेन्यू बघून थांबू नका. फाइल ओपनची खिडकी, एखादा एरर मेसेज, प्रिंट किंवा एक्सपोर्ट, आणि मशीनला पाठवलेल्या जॉबचं नाव, हे सगळं बघा.

चायनीज सॉफ्टवेअरमध्ये बारीक, अर्ध्या रुंदीच्या काताकाना अक्षरांची रांग दिसत असेल तर तुम्ही ९३६ ऐवजी ९३२ लावलंय. उलट जपानी सॉफ्टवेअरमध्ये अवघड चायनीज अक्षरं भरभरून दिसतायत, एकही साधं गोलसर हिरागाना नाही आणि जपानी येणाऱ्यालाही अर्थ लागत नाही, तर ९३६ लावलंय. स्क्रीनवर अस्सल आशियाई अक्षरं दिसली म्हणून काम झालं असं समजू नका. भाषा येणाऱ्या माणसाला नाहीतर फोनमधल्या कॅमेरा ट्रान्सलेशनला एकदा दाखवून घ्या, 'सेव्ह' आणि 'डिलीट' ही दोन बटनं तरी अर्थाची निघाली पाहिजेत.

अक्षरं बरोबर पण बटनात मावत नाहीत, कापली जातात, तर डिस्प्लेचं स्केलिंग १०० टक्के करून बघा.

## टप्पा ८: डेटा फाइल्स आणि कॉपी-पेस्ट

टेक्स्ट फाइल. नोटपॅड प्लस प्लसमध्ये एन्कोडिंग मेन्यूत जा, कॅरेक्टर सेट्समध्ये जापनीज-शिफ्ट-जिस किंवा चायनीजचं योग्य ते निवडा. अक्षरं बरोबर दिसली की मगच 'कन्व्हर्ट टू यूटीएफ-८' करा. उलटं केलंत तर बिघडलेली अक्षरंच पक्की होतात. आधी वाचायला शिकवायचं, मग बदलायचं. फाइल यूटीएफ-८ मधलीच असेल तर त्याच मेन्यूत फक्त यूटीएफ-८ निवडा, कन्व्हर्ट करायची गरज नाही.

मशीनची कॉन्फिग फाइल. ती साध्या नोटपॅडने बदलली तर सेव्ह अ‍ॅज करताना एन्कोडिंग 'एएनएसआय', म्हणजे त्या पीसीच्या लोकेलचं कोड पेज, ठेवा, आणि हे काम लोकेल बरोबर असलेल्या पीसीवरच करा. आताचं नोटपॅड नवीन फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करतं, आणि जुन्या सॉफ्टवेअरला ते वाचता येत नाही.

सीएसव्ही. डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडू नका. डेटा टॅबवरून 'फ्रॉम टेक्स्ट सीएसव्ही' घ्या, आणि फाइल ओरिजिनमध्ये ९३२ किंवा ९३६ निवडा. सॉफ्टवेअरला परत द्यायची असेल तर साधी सीएसव्ही म्हणून, पण त्याच लोकेलच्या पीसीवर सेव्ह करा. १२५२ च्या पीसीवर साधी सीएसव्ही सेव्ह केली तर चायनीजची सगळी प्रश्नचिन्हं होतात.

कॉपी-पेस्ट. जुन्या प्रोग्रॅममधून कॉपी करून वर्डमध्ये टाकलं की बिघडतं, ही तक्रार कायम असते. कॉपी करताना कीबोर्डची भाषा जी असेल ती विंडोज त्या मजकुराला चिकटवतं. म्हणून जपानी किंवा चायनीज कीबोर्ड अ‍ॅड करून ठेवा, कॉपी करायच्या आधी टास्कबारवरून त्याच्यावर या, मग कॉपी करा.

## लोकेल बदलणं शक्य नसेल तर

एकच पीसी आहे आणि त्यावरच मराठीचं जुनं काम पण आहे, असं असेल तर दोन रस्ते. जपानी ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमसाठी लोकेल इम्युलेटर नावाचं ओपन सोर्स टूल आहे, ते फक्त त्या एका प्रोग्रॅमला खोटं लोकेल दाखवतं. त्या टूलची झिप अशा फोल्डरमध्ये उघडा जो पुढे हलवणार नाही, त्यातला इन्स्टॉलर चालवा, मग प्रोग्रॅमवर राइट क्लिक करून त्यातून रन करा. फोल्डर नंतर हलवला तर राइट क्लिकचा मेन्यू तुटतो. चायनीजसाठी प्रोफाइल वेगळं बनवावं लागतं. डाउनलोड फक्त मूळ गिटहबच्या पानावरूनच करा. आता त्याचं काम पुढे चालू नाहीये, त्यामुळे नव्या विंडोजवर एखादा प्रोग्रॅम अडला तर अडून बसू नका.

माझ्या मते ऑफिसच्या कामासाठी व्हर्च्युअल मशीन जास्त भरवशाचं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये वेगळं विंडोज टाका, त्याच्या आत वरचे सगळे टप्पे करा, बाहेरच्या पीसीला धक्का लागत नाही. पण मशीनला जोडणारी खास कार्डं आणि काही डाँगल आतून चालत नाहीत, त्यामुळे मशीन चालवायच्या पीसीसाठी हा रस्ता धरू नका.

## कंट्रोलरवर एक्सपी असेल तर

अजूनही कितीतरी मशीनच्या कंट्रोलरवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या पीसीवर, विंडोज एक्सपी आहे. तिथे पूर्व आशियाई भाषांच्या फाइल्स मुळात टाकलेल्या नसतात. कंट्रोल पॅनलमधल्या रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेस टॅबवर 'इन्स्टॉल फाइल्स फॉर ईस्ट एशियन लँग्वेजेस'ला टिक करा. साधारण २३० एमबी जागा लागते आणि एक्सपीची सीडी किंवा तिचा आय-३८६ फोल्डर मागतो, तो आधीच जवळ ठेवा. त्यानंतर अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर नॉन-युनिकोडची भाषा निवडा आणि रीस्टार्ट करा.

त्याआधी पूर्ण डिस्कची इमेज काढून घ्या, आणि मशीन वॉरंटीत असेल तर देणाऱ्याला विचारूनच हात लावा. काही कंट्रोलरवर राइट फिल्टर असतो, रीस्टार्ट झाला की तुम्ही केलेला बदल पुसला जातो. बदल केल्यानंतर दोनदा रीस्टार्ट करून बघा, दोन्ही वेळा सी-एच-सी-पीमध्ये तोच आकडा आला तर मग जॉब फाइल्स परत टाकायला घ्या.